रिव्हर्सला लीना लागायची

मी कालिंदी. नावावरून फसू नका, मी नदी नाही. बागबाजारच्या घाटाजवळ, हावड्याच्या समोरच्या काठाला, गंगेत बांधून ठेवलेली एक जुनी लाँच आहे मी. अंगाला सागवान आहे, पोटात इंजिन आहे आणि जिभेला हाड नाही. त्यामुळे आज बोलायला बसलेच आहे तर सगळं सांगून टाकते.

माझा जन्म पलीकडच्या काठावर, सालकियाच्या एका कारखान्यात झाला. तागाच्या गिरणीतल्या एका साहेबासाठी मला बांधलं होतं. तेव्हा मी काय दिसायचे म्हणून सांगू! पितळेच्या कड्या रोज घासल्या जायच्या. पुढे साहेब विलायतेला गेला. त्याला कुत्रा न्यायचं सुचलं, माझी आठवण झाली नाही. मी खिदिरपूरच्या गोदीमागे चिखलात रुतून पडले. कावळे बसायचे माझ्यावर. त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही.

तिथून मला विनायकराव खांबेट्यांनी उचललं. हे कॉलेजात गणित शिकवणारे गृहस्थ, जन्म इथलाच, बागबाजारातला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं इंग्रजांनी एके काळी जिथून खंदक खणला, त्या भागात हे खांबेटे दोन पिढ्या राहत होते, आणि शेजारचे बंगाली लोक त्यांना लाडानं ‘बर्गीबाबू’ म्हणायचे; बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. विनायकरावांनी मला खरवडलं, रंगवलं आणि माझं नाव कालिंदी ठेवलं. त्यांच्या पत्नी शारदाबाई नागपूरच्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “गंगेत यमुना आणून सोडलीत. आता हिच्यापायी घरी जेवायला तरी याल ना?” मला त्या सवत म्हणायच्या. पण दिवाळीत माझ्यासाठी फराळाचा डबा यायचा, तेही खरं.

आणि लीना. त्यांची एकुलती एक मुलगी. ती पहिल्यांदा आली तेव्हा दोन वेण्या घालायची. तिचं मराठी मध्येच बंगालीत घसरायचं, पण इंजिनाची भाषा तिला बरोबर कळायची.

माझं इंजिन थंड राहतं ते गंगेच्या पाण्यावर. तळाशी एक जाळी आहे. तिच्यातून पाणी आत येतं, एक गाळणी ओलांडतं, रबरी पंख्याचा पंप ते इंजिनाभोवती फिरवतो आणि मागून धुराबरोबर बाहेर फेकतो. गंगेचं पाणी म्हणजे अर्धा गाळच. एका पावसाळ्यानंतर मी तापायला लागले. काटा चढायचा, वाफ यायची, विनायकराव इंजिन बंद करून कपाळाला हात लावून बसायचे. त्यांनी गाळणी धुतली. पंप उघडला तर पंख्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या. नवा पंखा बसवला. तरी मी तापतेच. गणिताचे प्राध्यापक चिडले आणि चांगला असलेला नवा पंखा काढून आणखी नवा बसवला. गणितं सोडवणाऱ्या माणसांचं हे असंच असतं, उत्तर चुकलं की तीच रीत पुन्हा जोरात करून बघतात.

लीना हातातला जुना पंखा फिरवत बसली होती. ती म्हणाली, “बाबा, ह्याच्या दोन पाकळ्या गेल्या कुठे?”

“तुटल्या ना.”

“धुर,” ती बंगालीत वैतागली, “तुटल्या तर तुटल्या, पण गेल्या कुठे? इथेच असणार.”

पंपाच्या पुढची नळी सोडली तर वळणावर दोन्ही तुकडे घट्ट बसलेले. विनायकराव इतके हसले की मला हेलकावा बसला. त्या दिवसापासून ती माझी झाली.

मग माझा गिअरचा दांडा बिघडला. तो वर सुकाणूपाशी असतो, आणि तिथून एक केबल खाली गिअरबॉक्सपर्यंत जाते. दांडा पुढे नेला की मी पुढे जायचे, पण मागे ओढला तर काहीच नाही. विनायकरावांना वाटलं गिअरबॉक्स गेला, आणि त्यांचा चेहरा उतरला. लीनानं खाली उतरून केबल सोडवली आणि गिअरबॉक्सवरचा लहान दांडा हातानंच दाबला. खटकन रिव्हर्स पडला. म्हणजे माझं पोट ठणठणीत होतं, दोष केबलचा. आतली तार गंजलेली, ओढली की सरकायची, ढकलली की मध्येच वाकायची. इतकी लांब केबल बाजारात नव्हती. विनायकराव म्हणाले, “बघू सावकाश. तोवर लीना आहेच.”

ते सावकाश कितीतरी वर्षं चाललं. लीना कॉलेजात गेली, एम.ए. झाली, तरी दर रविवारी ती खाली इंजिनापाशी आणि विनायकराव वर सुकाणूपाशी. “पुढे,” ते हाक द्यायचे. “मध्ये.” “मागे घे.” ती हातानं दांडा टाकायची. खालून तिला काही दिसायचं नाही, त्यांच्या आवाजावर चालायची. धक्का न लागता मी जेटीला टेकले की ती काळ्या हातांनी वर यायची आणि दोघं चहा प्यायची. विनायकरावांना केबल खरंच शोधायची असती तर मिळाली असती. त्यांनी शोधली नाही. मला बरं वाटायचं. मोडका दांडा कुणाला इतकं सुख देत असेल असं मला नाही वाटत.

त्र्याहत्तर साली लीनाचं लग्न ठरलं. मुलगा जयंत, पुण्याचा. घरी आनंद झाला आणि मला धडकी भरली. लीना वडिलांना म्हणाली, “आता तरी केबल बसवा. तुम्ही एकटे कसे चालवणार?” ते म्हणाले, “बसवू.” आणि एका रविवारी ती खरेदीला गेलेली असताना मला एकटेच घेऊन निघाले. जाताना ठीक होतं. परत येताना ओहोटीच्या ओढीत जेटी जवळ आली, त्यांनी दांडा मागे ओढला, मी तशीच पुढे. नाक जेटीवर आपटलं, एक फळी फुटली, विनायकरावांच्या कपाळाला खोक पडली.

शारदाबाईंनी हळद दाबली आणि शांतपणे म्हणाल्या, “लीना गेली की ही लाँच विकायची. मला एवढंच कुंकू आहे.”

लीना कामाला लागली. लग्नाची मुलगी खिदिरपूरच्या भंगारवाल्यांच्या गल्ल्यांतून हिंडली. एका मोडीत निघालेल्या टगबोटीची केबल तिला सापडली. तिनं ती तेलात भिजवली, स्वतः बसवली, टोकाची झिजलेली पिन बदलली. मेंदी लागायच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या नखांत ग्रीस होतं. शेवटी वर येऊन तिनं दांडा मागे ओढला. खाली कुणी नसताना रिव्हर्स पडला. विनायकराव म्हणाले, “छान.” आणि बराच वेळ दांडा पुढे-मागे करत राहिले. मी दुरुस्त झाले होते. मला ते नको होतं.

मी तिला बागबाजारहून हावड्याला, मुंबईच्या गाडीला सोडायचं ठरलं. झेंडूच्या माळा घातल्या होत्या मला. लीना शालूत, शेजारी जयंत, वर विनायकराव. नदीच्या मध्यावर शारदाबाई म्हणाल्या, “थांबा, गंगेची ओटी भरायची राहिली.” लेक गंगा ओलांडून सासरी जाणार, ओटी हवीच. मी मंद गतीनं चालत होते. त्यांनी वाकून तांदूळ, नारळ, हिरवा खण माझ्या अंगालगत पाण्यात सोडला. नारळ तरंगत गेला. खण गेला नाही. जाळीच्या ओढीनं तो तळाशी जाऊन चिकटला, आणि माझा श्वास कोंडला.

काटा चढला. मागचं पाणी थांबलं. विनायकरावांनी इंजिन बंद केलं आणि मी ओहोटीबरोबर हावड्याच्या पुलाकडे वाहायला लागले. जयंतनं विचारलं, “नेहमी असं होतं का?”

“नाही हो,” लीना शालू खोचत म्हणाली, “कधीकधी चालतेसुद्धा.”

ती खाली आली. गाळणी स्वच्छ होती, म्हणजे अडथळा बाहेर. तिनं नळीचं तोंड सोडलं आणि जाड तार तळाच्या भोकातून खाली ढकलली. पाणी उसळून तिच्या शालूवर आलं, आणि बाहेर हिरवा खण वर तरंगला. शारदाबाईंनी तो पाहिला. “माझ्याच हातानं झालं गं,” म्हणाल्या आणि तेव्हा कुठे रडल्या. लग्नभर त्या रडल्या नव्हत्या.

नळी बसली, इंजिन सुरू झालं, मागून पाणी पडलं. हावड्याची जेटी समोर आली. लीना खालीच होती. सवयीनं तिचा हात गिअरबॉक्सच्या दांड्यावर गेला आणि ती हाकेची वाट बघत राहिली. वर विनायकरावांनी दांडा मागे ओढला. त्यांनी हाक दिली नाही. तिच्या तळव्याखालून तो दांडा आपला आपण सरकला. तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग काढून घेतला. मी जेटीला टेकले, अगदी अलगद.

त्यानंतर शारदाबाईंनी मला विकायचं नाव काढलं नाही. विनायकराव रविवारी येतात. इंजिन सुरू करतात, मागून पाणी पडतंय का बघतात, दांडा पुढे-मागे करतात आणि दोर न सोडताच घरी जातात. माझ्या तळाला गाळ धरायला लागला आहे.

गेल्या दुर्गापूजेच्या सुट्टीत लीना आली होती, मुलगा कडेवर घेऊन. आम्ही तिघं-चौघं नदीनं वर बेलूरपर्यंत जाऊन आलो. घाटाला लागताना तिनं विचारलं, “बाबा, खाली जाऊ का?” ते म्हणाले, “छे, कशाला? आता वरूनच होतं सगळं.” तिचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून म्हणाले, मला माहीत आहे. ती बरं म्हणून बसून राहिली. दोघंही दोन दिशांना पाणी बघत होती.

लीना, पुढच्या खेपेला विचारू नकोस. ते पुन्हा नकोच म्हणतील. तू सरळ माझं झाकण उचल आणि खाली ये.