नवलसिंगची चाळीस पानं

माझा भाऊ मुजाहिद पैज लावतो तेव्हा समजावं, आपणच जिंकणार याची त्याला खात्री आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभा राहून, चहा फुंकत, तो हसत मला म्हणाला, "आपा, आज सांजलोंग गोष्टीनं एक पुस्तक इकी दखाड. गाईड चालाव नही, शाळानं चालाव नही. इकनं तर जूनलोंग दुकान तुन्हं. नही इकनं तर सोमवारले सुतार येई."

"लाव शर्त," मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत गोष्टीचं एक पुस्तक विकलं तर जूनपर्यंत दुकान माझं, नाहीतर सोमवारी सुतार येऊन कपाटं काढणार. माझं हे असंच. राग आला की तोंड पुढे पळतं आणि डोकं मागून येतं.

आमचं दुकान तळोद्यात, डोंगरात जाणाऱ्या जीप उभ्या राहतात त्याच्या समोर. पाटीवर अजून कलीम बुक डेपो आहे. कलीम म्हणजे आमचे अब्बा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुजाहिद विसरवाडीला हायवेवर मोबाईलच्या दुकानात कामाला जातो आणि त्याला इथे स्वतःचं दुकान थाटायचं आहे. तो वाईट नाही. जूनमध्ये गाईडं खपतात आणि बाकी वर्षभर मी धूळ झटकते, हे तो म्हणतो आणि ते खरं आहे. खरं आहे म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

दुकान गेलं की मी घरात. अम्मी म्हणते, आता आराम कर, दोन वेळच्या रोट्या टाक, पुरे. दहा वर्षं मी या काउंटरमागे बसते आहे. चार माणसं मला नावाने ओळखतात, चार माणसं मला घाबरतात. तिथून उठून कायमचं स्वयंपाकघरात जायचं या विचारानेच माझा जीव घुसमटतो.

त्या सकाळी मी एका जागी बसू शकले नाही. मागच्या कपाटातल्या कादंबऱ्या पुढे आणल्या. परत आत नेल्या, कारण उन्हाने कव्हरांचे रंग उडतील. परत पुढे आणल्या. पायरीवर चप्पल वाजली की मान वर. एकाने रिचार्ज होतो का विचारलं. एक म्हातारे सावलीला टेकले आणि टेकूनच राहिले. दोन मुली आल्या, पोलीस भरतीचं गाईड मागितलं, आणि मी पाठ वळवताच एक आडोसा करून उभी राहिली आणि दुसरी पानांचे फोटो काढू लागली.

"हे दुकान आहे की फोटो स्टुडिओ?" मी ओरडले.

"याची पीडीएफ मिळत नाही ना ताई," ती अगदी कळवळून म्हणाली. "मिळाली असती तर कशाला काढले असते?"

हात जोडून त्यांना बाहेर काढलं.

दुपारी बारा वाजून गेल्यावर गायत्री मॅडम आल्या. प्रकल्प कार्यालयात नव्याने बदलून आलेल्या, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकलेलं. त्यांनी कपाटांवरून बोट फिरवत नेलं आणि काउंटरच्या डावीकडच्या छोट्या फळीपाशी थांबल्या.

"अय्या! हे आहे तुमच्याकडे?" त्यांनी एक जाडजूड कादंबरी बाहेर ओढली. नदीकाठी होडी चालवणाऱ्या एका बाईची, साडेपाचशे पानांची. "हॉस्टेलला असताना निम्मी वाचली होती. मग कुणीतरी ढापली. कुठेच मिळत नव्हती."

"फोनवर मिळत असेल की," मी म्हणाले. स्वतःच्या तोंडाने. मला कधी अक्कल येणार कोण जाणे.

"मिळते. पण दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघते हो. घरी पुन्हा तेच? देता ना ही?"

ती फळी विक्रीची नव्हती.

अब्बांनी एक रीत पाडली होती. डोंगरातली माणसं बाजाराला येतात आणि जीप भरेपर्यंत तासन् तास ताटकळतात. त्यातल्या ज्यांना वाचता येतं त्यांना अब्बा दुकानात बसवायचे, पुस्तक हातात द्यायचे. जीप निघाली की जिथवर वाचून झालं तिथे खूण घालायची आणि पुस्तक त्या फळीवर ठेवायचं. जुन्या लग्नपत्रिका कापून अब्बा त्या खुणांच्या पट्ट्या करत आणि पट्टीवर वाचणाऱ्याचं नाव घालत. ज्या पुस्तकात खूण आहे ते वाचून होईपर्यंत विकायचं नाही, मग गिऱ्हाईक कुणी का असेना. एकेकाळी त्या फळीवर तीस-तीस पुस्तकं असत. आता एकच उरलं होतं, आणि त्यात नवलसिंगची खूण होती.

नवलसिंग जीप चालवतो. अकरा वर्षं दर बाजाराला आमच्या दुकानात बसून तो वाचतो आणि वाचलेलं डोंगर चढताना गाडीतल्या लोकांना त्यांच्या पावरी बोलीत सांगतो. वर फोनला रेंज नाही. लोक त्याची जीप आधी भरतात, दुसऱ्या मोकळ्या असल्या तरी थांबतात. त्याची चाळीस पानं राहिली होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. आणि सोमवारी येणारा सुतारही मला ठाऊक होता. मी पुस्तक हातात घेतलं, मॅडमना दिसणार नाही अशी पट्टी काढून गल्ल्यात टाकली आणि पुस्तक पिशवीत घालून दिलं.

मॅडम पायरी उतरायच्या आत मी मुजाहिदला फोन लावला.

"इकनं? खरंच? कोनले?" आणि मग, "ठीक शे आपा. शर्त म्हनजे शर्त."

मी जिंकले होते. चहा मागवला, पंखा वाढवला, पाय लांब केले. पाच मिनिटांत पाय आपोआप जवळ आले. मी घड्याळाकडे पाहू लागले. सकाळी गिऱ्हाईक यावं म्हणून तडफडत होते, आता एक माणूस आज येऊ नये म्हणून तडफडू लागले.

तीनला नवलसिंग आला. हातपाय धुऊन, केस ओले करून, देवळात यावं तसा. सरळ फळीकडे गेला. वाकून पाहिलं. खाली पाहिलं, मागे पाहिलं.

"बहिन, मन्हं पुस्तक कोठे शे?"

"इकाई गयं."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याने पुन्हा रिकाम्या फळीकडे पाहिलं.

मला शरम वाटत होती, आणि शरम वाटली की मी भांडते. "अकरा वर्ष फुकट वाचं ना? एक तरी इकत लिधं का? दुकान काय हवावर चालस?"

"अब्बानी मले कधी असं सांगं नही," तो हळूच म्हणाला.

मग मी सगळं ओकून टाकलं. पैज, मुजाहिद, सोमवारचा सुतार. त्याने ऐकून घेतलं. "तुन्हं दुकान वाचनं ना? मंग बरं व्हयनं," म्हणाला आणि वळला. त्याने शिवी घातली असती तर मी सहन केली असती. हे मला सहन झालं नाही.

तो पायरीवर पोचतो तोच समोरून फुलीबाई आली. डोक्यावर बाजाराची पाटी, साठीच्या पुढची, अंगठेबहाद्दर. नवलसिंगच्या जीपमधली त्याच्या बाजूची जागा तिची ठरलेली.

"गाडी भरी गयी," ती त्याला म्हणाली. "वाचं का? आज त्या बाईनं काय व्हयनं ते समजाले जोयजे. आम्ही आठ दिनपशी वाट दखी ऱ्हायनूत."

नवलसिंग माझ्याकडे बघेना. फुलीबाई माझ्याकडे बघू लागली. तिच्या मागे जीपमध्ये कोंबलेली पंधरा-सोळा डोकी दिसत होती आणि ती सगळी दुकानाकडेच वळलेली होती.

"थांबा," मी म्हणाले. "तासभर थांबा. वाचस तो."

पुस्तकं विकणाऱ्या बाईने करू नये ते मी केलं. फोन काढला. सकाळच्या त्या मुलींसारखी पोरं पीडीएफसाठी ज्या ग्रुपांची नावं घेतात त्यातल्या एकात शिरले आणि ती कादंबरी शोधली. तिसऱ्या मिनिटाला मिळाली, पानं वाकडी स्कॅन केलेली, पण सगळी. गल्ल्यातून पट्टी काढली, तिच्यावर नावाखाली, अब्बांनी लावलेल्या सवयीने, नवलसिंगने टाकलेला पानाचा आकडा पाहिला, ते पान काढलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो खिडकीपाशी उभा राहून वाचू लागला. बोटाने पान सरकवायला दोनदा चुकला, मग सरावला. मधेच मुजाहिदचा मेसेज टिंग करून आला, तो त्याने माशी हाकलावी तसा बाजूला सारला. समोरच्या दोन जीप भरून निघून गेल्या. त्याच्या जीपमधलं कुणी उतरलं नाही. मी काउंटरमागे येरझाऱ्या घालत होते आणि मनात एकच मागत होते की त्याने म्हणावं, छे, यात मजा नाही, पुस्तक ते पुस्तक.

त्याने शेवटचं पान संपवलं. डोळे पुसले. फोन परत दिला.

"फोनमा बी तीच गोष्ट शे," तो म्हणाला.

झालं. मीच त्याला वाट दाखवली. आता हा दर आठवड्याला तळोद्यातून फोन भरून नेईल आणि माझ्या पायरीकडे ढुंकून पाहणार नाही. दुकान जूनपर्यंत माझं होतं, पण कुणासाठी?

तो मात्र गेला नाही. "आते पुढलं कोनतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"पुढलं पुस्तक. अब्बा गया त्याना आगोदर त्यास्नी मन्हाकरता पाच काढी ठेल व्हतात. हाई पाचवं व्हतं."

"फोनमा घे ना कोनतं बी," मी तिरसटपणे म्हणाले. "हजार शेतस."

"हजार शेतस म्हनीसनच तर. कोनतं वाचानं ते सांगनारं कोनी नही. तू सांग ना."

मी कपाटाकडे पाहिलं. कुठलं पुस्तक कुठल्या खणात, कधी आलं, कुठल्याला वाळवी लागली, सगळं मला तोंडपाठ. आत काय आहे ते विचारू नका. दहावीनंतर गोष्टीचं एकही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"मी वाचेल नही," मी म्हणाले.

"एक बी?"

मी मान हलवली.

"तू दुकानमा बसस आनी वाचत नही?" त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं, आणि तेच मला झोंबलं. मुजाहिदचं, अम्मीचं, त्या फोटोवाल्या मुलींचं बोलणं मिळून जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

बाहेरून हॉर्न वाजला. फुलीबाईनेच खिडकीतून हात घालून वाजवला होता.

"मंग पुढला बाजारलोंग एक वाची ठेव," नवलसिंग जाता जाता म्हणाला. "चांगलं व्हयनं तरच सांगजो."

जीप निघाली. वळणापाशी जायच्या आतच आतला कलकलाट थांबला होता, म्हणजे त्याने सुरू केलं असणार.

त्या रात्री मी मुजाहिदला सगळं सांगितलं, खूण काढून पुस्तक विकलं तेही. तो म्हणाला, इकनं म्हनजे इकनं. मी जूनपर्यंत ठेवून घेतलं. उगाच मोठेपणा करून दुकान सोडून देणारी मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहिलं पुस्तक काढलं, वीस पानांत कंटाळले, आदळून ठेवलं. दुसरं निम्म्यापर्यंत रेटलं आणि त्या लेखकाचा राग आला. मंगळवारी तिसरं घेतलं. बाहेर गाड्या, हॉर्न, वाकून फोनमध्ये बघत जाणारी माणसं, सगळं नेहमीसारखं चालू होतं.

गुरुवारी दुपारी पायरीवर चप्पल वाजली.

"ताई, भरतीचं गाईड आहे का? तीन पाहिजेत."

"थांबा जरा," मी मान वर न करता म्हणाले. "दोन पानं राहिलीत."