एव्हिसचा नकार

लग्न झाल्यापासून एव्हिसनं डोंगरात नवऱ्याची पाठच पाहिली होती. सेलकर्क डोंगररांगेतल्या बर्फात स्कीवरून वाट पाडायची ती लोर्ननंच, हा त्या घरचा कायदा. बर्फातलं लोर्नला जितकं कळतं तितकं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा लोर्न स्वतः म्हणे.

आज लेकीचा, टॅम्सिनचा वाढदिवस. खिंडीपलीकडच्या केबिनची देखरेख टॅम्सिनकडे होती, त्यामुळे हिवाळाभर ती तिथंच. लोर्ननं स्वतः लोणी-साखरेचे छोटे गोड बटर टार्ट भाजले होते आणि डबा पाठीवर असा जपून घेतला होता की जणू आत अंडी उबवायला ठेवलीत.

निघताना रिवाजाप्रमाणे दोघांनी आपापले बीकन तपासले. माणूस बर्फाखाली गाडला गेलाच, तर याच यंत्राच्या टिकटिकीवरून शोधतात. लोर्ननं टिकटिक ऐकली नाही, नुसता पडद्यावरचा आकडा वाचला. ते एव्हिसच्या नजरेतून सुटलं नाही.

"कानातलं यंत्र घातलंयस ना रे?"

लोर्न तिच्याकडेच बघत होता. "अगं, त्यानं बीकन बिघडतो. खिशातसुद्धा नको. घरीच ठेवलंय."

"वा! म्हणजे सुरक्षिततेसाठी बहिरा झालास म्हण की."

"तर काय! हुशार नवरा मिळालाय तुला, कदर कर जरा."

ती हसली. वर्षभर हे ध्यान फार गोड वागत होतं. ती बोलायला लागली की हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत राही. एव्हिस घरातल्या घरात लिपस्टिक लावायला लागली होती, आता बोला!

रान संपलं तिथून माळ लागला आणि माळापुढे तो मोठा उतार. तो आडवा कापला की जेवायच्या वेळेला केबिन. नाहीतर खालच्या झाडीतून लांबचा वळसा. रात्रीच्या वाऱ्यानं उतारावर ताज्या बर्फाचा जाड थर आणून टाकला होता. लोर्न उताराआधीच्या खडकाळ धारेवर पोचला. एव्हिस मागे माळावरच होती.

तेवढ्यात तिच्या पायाखालून आवाज आला. ढुफ्फ! अख्खा माळ बोटभर खाली बसला आणि स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग पळत गेली. खालचा साखरेसारखा भुसभुशीत थर दबला होता. सपाटीवर हे होतंय, म्हणजे उतारावर पाय ठेवला की सगळा बर्फ सुटून कोसळणार. हे तिला लोर्ननंच शिकवलं होतं.

आणि लोर्न चालतच राहिला. मान नाही वळवली, पाऊल नाही थांबलं.

"लोर्न!" ती ओरडली. एकदा, दोनदा. शेवटी तिनं हातातली स्कीची काठी भिरकावली, ती त्याच्यापुढे जाऊन पडली. तेव्हा तो वळला.

"नाही," ती मान हलवत म्हणाली. "नाही जायचं."

एकानं नाही म्हटलं की सगळे मागे फिरतात. का, ते केबिनमध्ये पोचल्यावर विचारायचं. हा नियमही त्याचाच. तो काठी उचलून मुकाट्यानं परत आला, पण तोंड एवढंसं झालं होतं.

"गुडघा दुखतोय का तुझा?"

हो म्हणून टाकावं, असं तिला फार वाटलं. त्याचा मान राहिला असता. पण पुढच्या वेळी तो एकटाच आला तर? टॅम्सिनला घेऊन आला तर?

"माळ खाली बसला, लोर्न. तोफेसारखा आवाज झाला. तुला ऐकू आला नाही."

लोर्ननं भेगेकडे पाहिलं, मग उताराकडे. वाट पाडण्यासाठी जीव टाकणारा हा माणूस आपल्यादेखत म्हातारा झाला, असं एव्हिसला वाटलं आणि तिला रडू फुटलं.

"अगं वेडे, रडतेस काय? वाचवलंस की," तो म्हणाला. आणि वाटेतून बाजूला झाला. "हो पुढे."

"मी?"

"मग काय टार्टना पाठवू? झाडीतून जाऊ. फक्त काही सांगायचं असेल तर थांबून, वळून सांग. यंत्र असो नसो, तोंड दिसलं तरच कळतं मला. वर्षभर तसंच चाललंय."

एव्हिस बघतच राहिली. "म्हणून बघायचास होय रे माझ्याकडे? आणि मला मेलीला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय!"

लोर्ननं तिच्या गालावरचं पाणी हातमोज्यानं पुसलं.

"तेही होतंच की गं," तो म्हणाला. "चल. लेक वाट बघतेय."

एव्हिस झाडीकडे वळली आणि वाट पाडू लागली. दर थोड्या वेळानं ती थांबे, मागे वळे. सांगायचं काही नसलं तरीही.