कॉलेजातला बदली

"आग लागो त्या कॉलिजाला!" म्हणत हिंदुराव मोहित्यानं वही कोपऱ्यात भिरकावली, ती नेमकी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतरावर जाऊन पडली.

रविवारची सकाळ. गिरण्या बंद. लालबागच्या त्या खोलीत पाटण तालुक्यातल्या एकाच गावची अठरा माणसं राहायची. निम्मी सकाळच्या पाळीची, निम्मी दुपारच्या. एरवी निम्मी कामावर गेली की उरलेल्यांना पाय पसरायला जागा व्हायची. रविवारी मात्र सगळी एकदम घरात, त्यामुळे कुणाचा गुडघा कुणाच्या बरगडीत असायचा आणि कुणाचंही दुखणं सगळ्यांचंच व्हायचं.

"काय झालं रं?" बुधाजीनं विचारलं. बुधाजी म्हणजे हिंदुरावाचा सख्खा चुलता. बावीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, काढलेली. सूत तुटलं की सांधायचं आणि साचा थांबू द्यायचा नाही, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं, पण ते पक्कं येत होतं.

"काय हुनार? अकरा दिस बुडाल्यात माजं. उद्या बारावा. फळ्यावर नाव लावलंय. हाजरी भरली न्हाई तर परीक्षेलाच बसू देत न्हाईत. वरीस गेलं पान्यात!"

यात हिंदुरावाचा दोष नव्हता. जानेवारीत मुंबईसाठी रान पेटलं, गोळ्या चालल्या, संचारबंदी लागली. लालबागच्या भिंतींवरची 'झालाच पाहिजे'ची अक्षरं अजून ओली होती. कायम कामगारांपैकी कुणी तुरुंगात गेले, कुणी गाव गाठलं, आणि साचे उभे राहिले. हिंदुराव बदली कामगार. रोज गेटावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला की त्याच्या साच्यावर जायचं. सकाळी माटुंग्याच्या कॉलेजात इंटर आर्ट्सचा वर्ग आणि दुपारी साडेतीनला गिरणी, असं त्यानं दीड वर्ष कसंबसं जुळवून आणलं होतं. पण आता जॉबरनं, म्हणजे खात्यातल्या मुकादमानं, दम भरला, "सोमवारपर्यंत सकाळच्या पाळीला यायचं. न्हाई आलास तर कार्ड विसर." कार्ड गेलं तर फी कुठून भरायची आणि गावाकडं आईला काय धाडायचं? म्हणून पोरगं सकाळी साच्यावर उभं राहत होतं आणि तिकडं त्याचा बाक रिकामा राहत होता.

"आरं, मंग बदली धाड की," बुधाजी म्हणाला.

"कुटं?"

"कॉलिजात. तू कामाव हाईस म्हनून तुजी जागा रिकामी ऱ्हावी व्हय? गिरनीत न्हाई का, मानूस आला न्हाई तर दुसरा हुबा ऱ्हातो? साचा चालल्याशी मतलब."

खोलीतले दोघेचौघे माना डोलवायला लागले. त्यांना ते अगदी पटलं. हिंदुरावाचं डोकं मात्र फिरलं.

"मग जावा तुमीच! तुमची दुपारचीच पाळी हाय. जावा आन बसा माज्या जागेव!"

"किती वाजता असतंय?"

"साडेआठला! पयल्या मजल्याव, तिसरी खोली, खिडकीपाशी चौथं बाक!" असं रागारागानं बोलून तो बाहेर निघून गेला. रागात बोललेलं माणूस विसरतो, तसा तोही विसरला.

बुधाजी विसरला नाही.

मंगळवारी हिंदुराव कॉलेजात पाऊल टाकतो तोच वीरेंद्रनं त्याला जिन्यातच गाठलं. वीरेंद्र गिरगावातला, वडील सॉलिसिटर, पोरगं मनानं चांगलं पण हसायला लागलं की थांबायचं नाही.

"मोहिते, काल तू हवा होतास रे! धैर्यवान सरांचा तास. फेटा बांधलेले एक गृहस्थ आले आणि थेट तुझ्या बाकावर बसले! सरांनी हजेरी घेतली, पुस्तक उघडलं, तर हे उभे! 'सायेब, हिंदुराव मोहित्याची हाजरी ऱ्हाईली. त्यो कामाव हाय. त्याचा बदली म्या!' वर्ग हसून हसून कोसळला!"

हिंदुरावानं घाईघाईनं विचारलं, "मग? सर काय म्हणाले?"

"सर हसले नाहीत. 'बसा' म्हणाले. आणि तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून तासभर लॉजिक ऐकत बसला! डुलकीसुद्धा नाही रे! कोण होता तो?"

भोवती पाचसात जण गोळा झाले होते. आता खरी गोष्ट अशी, की हिंदुरावानं पहिल्या वर्षीच या पोरांना सांगून ठेवलं होतं, की तो दादरला हिंदू कॉलनीत काकांकडं राहतो आणि काका पोर्ट ट्रस्टच्या ऑफिसात आहेत. एकदा बोलून गेला आणि मग तीच थाप दीड वर्ष सांभाळत बसला. अंगाचा गिरणीचा वास जावा म्हणून सकाळी साबण घासघासून आंघोळ करायचा, तीही याच थापेपायी.

"गडी आहे आमच्याकडचा," तो म्हणाला. "काकांकडे पाणी भरतो. जरा अर्धवटच आहे."

पुन्हा हशा झाला. हिंदुरावही हसला. आपण हसतोय हे त्याचं त्याला कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

तास सुटल्यावर धैर्यवान सरांनी त्याला खोलीत बोलावलं. वह्यांचा गठ्ठा द्यायला वीरेंद्रही मागोमाग आला आणि कपाटापाशी रेंगाळत राहिला. धैर्यवान हे सरांचं आडनाव. मुंबईच्या जुन्या घराण्यातले, काळा कोट, बोलणं हळू.

"मोहिते, काल तुमचे चुलते आले होते. तुम्ही गिरणीत काम करून शिकता, असं ते म्हणाले. मला कल्पना नव्हती. प्रिन्सिपॉलसाहेबांना मी पत्र लिहिलं आहे. अशा मुलाची गैरहजेरी माफ करता येते." त्यांनी टेबलावरचा लिफाफा पुढं सरकवला.

हात लांब केला असता तर वर्ष वाचत होतं. पण कपाटापाशी वीरेंद्र कान टवकारून उभा होता.

"नाही सर," हिंदुराव म्हणाला. "ते... तो चुलता नाही. आमच्याकडचा गडी आहे. काहीतरी बडबडला असेल."

"म्हणजे तुम्ही गिरणीत काम करत नाही?"

"नाही सर."

"मग इतके दिवस कुठे होता?"

"ताप येत होता."

सरांनी लिफाफा परत ओढला. "ठीक. शुक्रवारपर्यंत डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. नाही आणलंत तर माझा इलाज नाही." लिफाफा त्यांनी खणात टाकला. "वाईट वाटलं. मला त्या माणसाचा शब्द खरा वाटला होता."

दुपारी दीडला हिंदुराव सुंदराबाईच्या खाणावळीत गेला. आजपासून त्याचीही दुपारची पाळी होती. आत बुधाजी भिंतीला पाठ लावून बसला होता आणि भोवती सगळी पंगत हातातला घास विसरून ऐकत होती.

"...सायेब मला म्हनला, बसा काका. आता बोला! येवढा मोठा मानूस! मंग विंग्रजीत बोलाय लागला. एक अक्षर कळलं असंल तर शप्पत. पर म्या म्हनलं, डोळा मिटायचा न्हाई. पोराच्या नावाव झोपलो तर पोराचं नाव जाईल."

दुपारी साडेतीनपासून रात्री साडेबारापर्यंत साच्यावर उभं राहायचं होतं, तरी तो माणूस सकाळी आंघोळ करून, फेटा बांधून माटुंग्यापर्यंत चालत गेला होता.

"आलास व्हय, बाबा!" सुंदराबाईनं हिंदुरावाचं ताट मांडलं आणि न मागता वर तुपाची धार धरली. "असा चुलता मिळाया नशीब लागतं बग. जेव."

"हाजरी लागली न्हवं?" बुधाजीनं विचारलं.

हिंदुराव भाकरी कुस्करत राहिला, ताट अर्धं टाकून उठला. मागं मोरीपाशी बुधाजी हात धुवायला आला तेव्हा तो एका दमात सगळं बोलून मोकळा झाला.

"तात्या, म्या सांगितलं तुमी आमच्यातलं गडी हाय. पोरांना बी सांगितलं आन सरास्नी बी. अर्धवट हाय म्हनलं. लाज वाटली मला तुमची."

बुधाजीनं तांब्या मोरीच्या कठड्यावर ठेवला. त्यानं थोबाडीत मारली असती तर हिंदुरावाला बरं वाटलं असतं.

"मंग सायेब काय म्हनला?"

"मला खोटं धरलं. वरीस जातंय बहुतेक."

"हं," बुधाजी म्हणाला. पाणी ओतून त्यानं हात धुतले, धोतराला पुसले. "चल, भोंगा हुईल."

त्या पाळीला दोघं एकाच ओळीतल्या साच्यांवर होते, पण बुधाजीनं एकदाही मान वळवून पाहिलं नाही. हिंदुरावाच्या साच्यावर सूत सारखं तुटत होतं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं. उद्या सरांच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि सगळं खरं सांगायचं. वर्ष राहो नाहीतर जावो.

बुधवारी तो कॉलेजात पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. सरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर वीरेंद्र आणि आणखी दोघं आत डोकावत होते. हिंदुरावानं त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

आत बुधाजी उभा होता. फेटा काढून काखेत धरलेला, वहाणा हातात, मान खाली.

"सायेब, परवा म्या खोटं बोललो. त्यो माजा पुतन्या न्हाई. मालकांचा पोरगा हाय. म्या त्येंच्यात पानी भरतो. पोरगं खरं बोलतंय. त्येला खोटं धरू नगा."

सर खुर्चीतून पुढं झुकले. "खरं सांगताय?"

"व्हय."

"मग परवा एवढं सगळं का सांगितलंत?"

"अडानी मानूस. काय बी बोललो."

"खात्रीनं सांगा. या मुलाचं वर्ष यावर अवलंबून आहे."

आपला चुलता त्या वर्षाच्याच गळ्यावर सुरी फिरवतोय, हे हिंदुरावाला दिसत होतं. बुधाजीला लिफाफ्यातल्या पत्राचं ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते कळायला मार्ग नव्हता. त्याला एवढंच कळत होतं, की पोरगं खोटं ठरलंय आणि दोघांतल्या एकानं खोटं ठरायलाच पाहिजे.

त्यानं गळ्याला चिमूट लावली. "जोतिबाची आन घिऊन सांगतो सायेब. म्या गडीच हाय."

गावात बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजू बुधाजीला साक्षीला बोलवायच्या, ते याच एका कारणासाठी. जोतिबाची आण त्यानं उभ्या जन्मात खोटी घेतली नव्हती. ती आज घेतली.

हिंदुराव वीरेंद्रला ढकलून आत गेला.

"सर, हे माझे सख्खे चुलते. बुधाजी मोहिते. आम्ही लालबागला एका खोलीत अठरा जण राहतो. मी गिरणीत बदली आहे. दादर नाही, पोर्ट ट्रस्ट नाही, ताप नाही. सगळं मी खोटं सांगितलं. यांनी आत्ता आण घेतली ती माझ्यामुळं घेतली."

"गप रं!" बुधाजी कळवळून ओरडला. "सायेब, त्येचं ऐकू नगा!"

दारातली पोरं हसली नाहीत. वीरेंद्र तर खाली जमिनीकडंच बघत राहिला.

धैर्यवान सरांनी खण उघडला, लिफाफा काढला आणि तो हिंदुरावाला न देता बुधाजीच्या हातात ठेवला. "काका, हे समोरच्या ऑफिसात तुम्हीच द्या," ते म्हणाले. मग हिंदुरावाकडं वळले. "तुम्ही उशीर केलात, मोहिते." एवढंच. पण ते हिंदुरावाला पुरलं.

परीक्षेचा फॉर्म गेला. वर्ष वाचलं. जिना उतरताना हिंदुरावाला वाटलं, तात्या आता तरी दोन शिव्या घालतील. पण बुधाजी दुसऱ्याच विचारात होता.

"तुला जरा आदी येता आलं न्हाई?" तो म्हणाला. "माजी आन खोटी पडली की रं. जोतिबाची."

"तात्या, दोष माजा हाय. काय करायचं त्ये सांगा, म्या करतो."

"तुजं काय न्हाई त्यात. जीब माजी हुती." थोडं चालून तो म्हणाला, "पाच ऐतवार उपास धरतो. मंग बगू द्येव काय म्हनतोय."

जोतिबाचा वार रविवार, आणि गिरणगावात मटणाचा वारही रविवारच. आठवडाभर आमटी-भाकरी खाऊन माणसं त्या एका जेवणाची वाट बघायची. हिंदुराव म्हणाला, मीही उपास धरतो. बुधाजीनं ते ऐकूनच घेतलं नाही.

पुढचे पाचही रविवार तो खाणावळीत आला मात्र. हिंदुरावाच्या शेजारी मांडी घालून बसायचा, समोर पाण्याचा तांब्या. सुंदराबाई मटणाचा रस्सा वाढायची आणि हिंदुराव भाकरी मोडून नुसता बसून राहायचा.

"खा की," बुधाजी म्हणायचा. "परीक्षा तोंडाव आलीया. अगं सुंदरे, त्येला नळी घाल येक."

आणि सगळ्या पंगतीसमोर, चुलता बघत असताना, हिंदुराव मान खाली घालून ते ताट संपवायचा.