मऊ तो गेला

नर्गिसाच्या कंदांची ती शेड, आणि तिथे राज्य म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं. भुंग्याचं सोंग घेऊन हिंडणारी एक माशी असते. ती पाल्याच्या बुडाशी अंडी घालते, अळी कंदात शिरते आणि आतून पोखरत बसते. वरून कंद दिसतो कसा गुटगुटीत! म्हातारा कंदाच्या मानेपाशी अंगठा दाबायचा. टणक तो टोपलीत, मऊ तो उकळत्या पिंपात. "मऊ तो गेला. नातं बघायचं नाही," हे त्याचं पालुपद.

सून नवी होती तेव्हा माहेरून चार कंद घेऊन आली होती. एक मऊ लागला. म्हाताऱ्याने कामाच्या बायकांदेखत चारही पिंपात टाकले, वर म्हणाला, "माहेरालाच कीड, मग पोरीचं काय सांगावं!" बायका खिदळल्या. त्यानंतर बारा वर्षं तिने वाफ्यात गुडघे टेकले. पाला वाळला की मातीत भोक राहतं, ते बुजवायचं, माशीला वाट राहू नये म्हणून.

आता खरी गोम अशी, की गेल्या वर्षापासून म्हाताऱ्याच्या अंगठ्याला काही कळतच नव्हतं. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती. पण सांगतो कोण? कंद निवडायचं टेबल हातचं गेलं की आपल्याला घरात कुत्रं विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बापाला त्यानेच तसं कोपऱ्यात बसवलं होतं ना! म्हणून तो कुजका वास हुंगायचा आणि अंगठ्याचं नुसतं नाटक करायचा.

त्या दिवशी नेमकं सर्दीने नाक चोंदलं होतं. सुनेने सहा कंद पुढे ठेवले. "मामंजी, एवढे बघा हो."

"टणक," म्हातारा म्हणाला. "हाही टणक." सहाच्या सहा टणक.

सुनेने एकेक उचलून दोन बोटांनी पिळला. तपकिरी राड बाहेर आली आणि टेबलावर सहा जाड अळ्या वळवळू लागल्या.

"आठवडाभर मुद्दाम मऊच निवडून ठेवले होते," ती म्हणाली.

बायका पुन्हा खिदळल्या. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने फडक्याने टेबल पुसलं. "बाबा, उठा जरा," म्हणत त्याने खुर्ची बायकोकडे सरकवली.

सुनेने सासऱ्याच्या हातात खुरपं दिलं. "भोकं बुजवायची राहिलीत."

"गुडघे दुखतात गं," म्हातारा म्हणाला. असा रडवेला सूर त्याने जन्मात लावला नव्हता.

"मऊ तो गेला, मामंजी. नातं बघायचं नाही."

तो गेला. बधिर बोटांना भोक बुजलं की नाही तेही कळेना. संध्याकाळी सून वाफ्यावर आली, वाकून तिने मातीत अंगठा दाबला आणि म्हणाली, "ही ओळ पुन्हा करा."