फक्कीची गाडी

भांडण गाडीत कुणी कुठं बसायचं यावरून लागलं, आणि गाडी तर अजून यायची होती.

माझी पिठाची गिरणी आणि फटफट्याचं घर यांच्यात एकच अंगण. फटफट्या म्हणजे आमचा दूधवाला. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून दिवसभर मोटारसायकलवर फिरतो, म्हणून गावानं त्याचं नावच ते पाडलं. त्या दिवशी तो शहरातून गाडीचं माप घेऊन आला होता. मैदान आखतात ती पांढरी फक्की त्यानं कुठून तरी पैदा केली आणि अंगणातच गाडी आखली. पुढची सीट, मागची सीट, दारं कुठं उघडणार तेसुद्धा. मग घरातली स्टुलं आत मांडली.

"बसा सगळे," तो म्हणाला. "मावतो का बघू."

त्याची आई पदर खोचून थेट पुढच्या स्टुलावर जाऊन बसली.

"आत्याबाई, पुढं माझी आई बसू दे ना," फटफट्याची बायको म्हणाली. "तिला गाडी लागते."

"गाडी लागते? जन्मात कधी बसलीय का ती गाडीत? आणि मी काय डिकीत बसू?"

"आई, या गाडीला डिकी नावालाच आहे," फटफट्या अगदी गंभीरपणे म्हणाला.

"ऐकलंत? जिथं जागाच नाही तिथं मला बसवायला निघालेत!"

मी गिरणीच्या दारातून हसत होते, तर सूनबाईनं मलाच धरलं. "मावशी, या जरा. तुम्ही माझ्या आईच्याच मापाच्या आहात."

पिठाचे हात झटकत मी गेले. शेवटी तहनामा असा झाला की सासू पुढं, मी, म्हणजे सुनेची आई, मागं दाराशी, मध्ये सून आणि तिच्या मांडीवर छकुली. फटफट्यानं तोंडानं हॉर्न वाजवला. छकुली खिदळली. त्या पोरीचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नाही. तो आखडलेला हात मानेभोवती टाकून ती आईला बिलगली, आणि सुनेचं हसू जिथल्या तिथं थांबलं.

तो हात मोटारसायकलनंच मोडला होता. भर पावसात चौघं एका फटफटीवर, रस्त्यावर चिखल, वळणावर मागचं चाक सरकलं आणि पोर उडून दगडावर पडली. हाड जुळलं ते वाकडंच. तेव्हापासून सुनेनं शपथच घेतली की पुन्हा फटफटीवर बसणार नाही, पोरीलाही बसवणार नाही. माहेर डोंगरापलीकडं. तिकडं एसटीसुद्धा जात नाही. फाट्यावर उतरून पुढं चढच चढ. तिचं माहेर तुटलं ते त्या दिवसापासून.

अशात गावात बातमी आली. चहाच्या टपरीवरल्या टीव्हीत आम्ही सगळ्यांनी पाहिली. मोटारसायकल घेणाऱ्याला परवडेल अशी मोटार निघणार होती. चार माणसांची, डोक्यावर छप्पर असलेली. जाहिरातीत बाहेर धो धो पाऊस होता आणि आत एक बाई पोराचं डोकं पुसत हसत होती. फटफट्यानं एक म्हैस विकली आणि दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवून आला. त्याला हसणारे पुष्कळ होते. मी नाही हसले. त्या बाईकडं बघताना सुनेचा चेहरा मी पाहिला होता.

तेव्हाच तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचं कळलं. तिच्या गावात आलेल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की शहरात नेऊन ऑपरेशन करून घ्या, फार लांबवू नका. सुनेनं फोन केला.

"आई, गाडीचा नंबर लागलाय. आली की मीच न्यायला येते. लाल रंगाची सांगितलीय."

"मग काय घाई आहे?" आई म्हणाली. "तुझ्या गाडीतूनच जाऊ."

आणि मग सगळंच त्या गाडीवर जाऊन अडकलं. छकुलीचा हात मोठ्या डॉक्टरला दाखवायचा, गाडी आली की. सासूचे गुडघे, गाडी आली की. फटफट्या महिन्याला शोरूमला खेटे घालायचा आणि तिथला टायवाला गोड बोलून त्याला परत पाठवायचा. आधी म्हणे सुटे भाग अडकलेत, मग म्हणे लाल रंगाच्या संपल्या, मग म्हणे वरूनच गाड्या कमी येतायत. फटफट्या घरी येऊन नुसतं "पुढल्या महिन्यात" म्हणायचा. पावसानं फक्की वाहून गेली की मात्र नव्यानं रेघा मारायचा. त्या चौकटीत सासूबाई गुरंसुद्धा बांधू देत नव्हती.

मी एकदा सुनेला स्पष्टच बोलले, "पोरी, गाडी येईल तेव्हा येईल. आईला कुणाच्या तरी टेम्पोत घालून ने."

"मावशी, तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, लेक मोटार घेऊन येणार म्हणून. आता मी कोणत्या तोंडानं टेम्पो घेऊन जाऊ? आणि ती म्हणते, बरं दिसतंय अजून."

बरं दिसतंय! माणसं फोनवर काय वाटेल ते बोलतात आणि आपण ते कानाआड न करता खरं धरतो.

मग एका सकाळी दोन फोन आले. पहिला शोरूमचा. त्या किमतीत आता गाडी देता येणार नाही, वाढीव पैसे भरा नाहीतर भरलेले परत घ्या. फटफट्या फोन हातात धरून उन्हात तसाच उभा राहिला. त्याची आई म्हणाली, "अरे, आत तरी ये," पण त्याला ते ऐकू गेलं नसावं.

दुसरा फोन माहेरच्या शेजारणीचा होता. सुनेच्या आईनं चूल समजून भलतीकडंच हात घातला आणि उकळतं पाणी हातावर घेतलं. "तिला महिन्याभरापासून काहीच दिसत नाहीये. आम्ही बैलगाडी जुंपली, टेम्पो आणला, पण ती हलायलाच तयार नाही. लेकीची मोटार येणार आहे म्हणते."

सून मटकन खाली बसली, त्या फक्कीच्या रेघेवरच.

फटफट्या भानावर आला. ज्या डेअरीला तो दूध घालतो तिच्या मालकाचा तीनचाकी टेम्पो तो मागून घेऊन आला. कॅन उतरवले, आत गोधडी टाकली. "मावशी, तुम्हीही चला," तो म्हणाला. "मागं हिच्या आईला धरायला कुणी तरी लागेल." सासूबाईनं छकुलीला कडेवर घेतलं आणि न मागता आपली जाड वाकळ टेम्पोत आणून टाकली. "विहीणबाईला पुढंच बसवा," म्हणाली. "हवा लागेल." एवढं बोलून ती घरात गेली.

पोचलो तेव्हा सुनेची आई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. हाताला फडकं गुंडाळलेलं. दारापुढचा लाकडांचा ढीग हलवून तिनं गाडीसाठी जागा करून ठेवली होती. किती महिन्यांपूर्वी ते तिलाच माहीत. गल्लीतली माणसं जमली. टेम्पो बघून कुणीच काही बोललं नाही. तोंड आवरणारी माणसं अजून आहेत म्हणायची.

"आली का गं गाडी?"

आई उठली, हात पुढं करून चालत आली आणि टेम्पोचा पत्रा चाचपू लागली. पोपडे उडालेला, राखाडी पत्रा.

"लाल आहे ना?"

"हो, लाल आहे," सून म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबला.

आईचा हात पत्र्यावरून पुढं पुढं गेला, खाली उतरला, पुढच्या चाकावर थांबला. मग तिनं दुसऱ्या बाजूला चाचपलं. तिथं काही लागलं नाही. हात पुन्हा त्या एका चाकावर आला. फटफट्या जमिनीकडं बघत होता.

"छान आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "चला."

पुढं बसायला ती तयार होईना, मागं वाकळेवर माझ्याशेजारीच टेकली. सून पुढं नवऱ्याजवळ. वाटभर खड्डे. एका उतारावर म्हातारीनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "स्वस्तातल्या गाडीला चाक एक कमीच देत असतील, नाही हो?" आणि माझा हात दाबला. "लेकीला सांगू नका. जावई चांगला आहे माझा."

दुधाच्या आंबूस वासात मी तिला धरून बसले, अंगणात किती तरी वेळा तिच्या जागी बसले होते तशीच.

दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. एक डोळा गेला, म्हणाला. मोतीबिंदू पिकून आत फुटलाय, तिथं आता काही करता येणार नाही. दुसऱ्याचं ऑपरेशन करून बघू, पण खात्री देत नाही.

"वर्षभरापूर्वी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते," तो फटफट्यावर खेकसला. "एवढे दिवस कशाची वाट बघत होता?"

सून भिंतीला टेकली. लांबलचक बाकावर बसलेले पेशंट माना वळवून आमच्याकडं बघायला लागले.

म्हातारीनं ताठ बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "यांच्यावर नका ओरडू. जावयाच्या मोटारीची वाट बघत होते मी. लाल आहे. आजच आली."