पहिल्या मासळीची कढई

तापीच्या पात्रातल्या त्या बेटावर भोयांची पंधरा-वीस घरं, आणि सगळ्या बेटावर मान काय तो एका कढईला. माणसांना कोण विचारतो! दसरा झाला, बॅरेजची दारं लागली, पाणी बेटाला चहूकडून भिडलं, की बन्सीलालच्या अंगणात ती बिडाची थोरली कढई चुलीवर चढायची. विसरवाडीच्या गॅरेजांतून आणलेल्या ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांचं शिसं तिच्यात वितळायचं, त्याच्या गोळ्या वजन म्हणून जाळ्यांना लागायच्या. मग कढई राखेनं घासायची, तिच्यातच हंगामाची पहिली मासळी शिजवायची आणि पहिला घास बेटावरच्या पोटुशी सुनेला द्यायचा. जाळं भरलं तशी कूस फळावी, अशी त्यामागची माया. मायेनं का होईना, विष ते विषच.

यंदा पोटुशी होती ती निर्मलाबाईची सून, रुपा.

निर्मलाबाईचा नवरा चुनीलाल दोन वर्षांपूर्वी किडनीच्या कॅन्सरने गेला. बिडी-तंबाखूला शिवला नव्हता बिचारा. त्याच्या पाठोपाठ पुतण्या नवनीत, बन्सीलालचा ऐन तिशीतला मुलगा, पोटाच्या कॅन्सरने गेला. लोक म्हणाले, नशीब. निर्मलाबाईला त्या शब्दाची चीड होती. वरून कोणीतरी नदीत काहीतरी सोडतं, त्याशिवाय बेटावरची माणसं अशी मरत नाहीत, असं म्हणत तिने तालुक्याच्या कचेरीत ठाण मांडलं. शेवटी डॉक्टरांची तुकडी नावेतून आली तेव्हाच ती उठली.

त्यांनी पाणी नेलं, मासे नेले, सगळ्यांचं रक्त नेलं. आणि तपासणी करून परत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी भलतंच सांगितलं. पाणी ठीक, मासेही ठीक. बेटावरच्यांच्या रक्तात मात्र शिसं, त्या कढईतलं, आणि सगळ्यात जास्त चुलीशी बसणाऱ्या बायकांच्या.

"प्रत्येकाचा कॅन्सर ह्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे पोटात जात राहिलं तर धोका वाढतो. पोटातल्या बाळाला तर फारच वाईट."

"राखवरी घासं तरी जात नही का?" निर्मलाबाईने विचारलं.

"नाही जात, मावशी."

बेटावर सगळ्यांची तोंडं उतरली. चोर वरच्या अंगाला सापडता तर मोर्चा काढला असता. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ! म्हणून लोकांनी सोपा मार्ग धरला, डॉक्टरीणबाईंनाच खोटं ठरवलं. निर्मलाबाई मात्र त्यांच्यात गेली नाही. तीस वर्षं तिने त्याच कढईत मासळी रांधली होती.

दसरा उलटला. बन्सीलालच्या अंगणात चूल पेटली, शिशाचे तुकडे येऊन पडले. रुपा नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात निर्मलाबाई घण घेऊन अंगणात शिरली.

या जेठासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तिने कधी पदर मागे सारला नव्हता, की तोंड उघडलं नव्हतं. आज पदर मागे गेला.

"नाना, हाई कढई चुलावर चढनार नही."

बन्सीलालला आधी ऐकू आलं ते खरंच वाटेना. "कव्हयपाईन सुटनी वं तुन्ही जीभ? आमना आज्यानी कढई शे ती. तापीमायना कोप व्हई!"

"व्हई तर मन्हावर व्हवो. नवरा गया मन्हा, आखो काय लेवानं ऱ्हायनं? वहूना पोटमातलं लेकरू मी कोनलेच देनार नही. तापीमायले बी नही!"

तिने कढई ओढून खाली पाडली आणि घण उचलला. पण गोल बुडाची कढई डुगडुगली, घाव घसरला, घण मातीत रुतला. बाप्ये हसले. राग तर असा आला निर्मलाबाईला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बन्सीलाल कढई उचलायला पुढे झाला.

त्याच्या आधी त्याची बायको पोचली. फुलीबाई. मुलगा गेल्यापासून जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती कढईशी मांडी घालून बसली आणि तिने कढईचे दोन्ही कान घट्ट धरले.

"मी धरस. घाल तू."

"याड लागनं का तुले?" बन्सीलाल ओरडला.

"नवनीत पोटमा व्हता तव्हय पहिला घास मीच खादा व्हता," फुलीबाई म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. "त्या सालले माले कोनी सांगं नही. घाल, निर्मला!"

बन्सीलालचा हात वरच्या वर थांबला. घण खाली आला. बीडच ते, एका घावात तीन तुकडे झाले, आणि आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. आता कोणी हसलं नाही.

बन्सीलालने त्यातला एक तुकडा उचलून पाहिला. मग पडेल आवाजात म्हणाला, "आते जाळाले वजन कसानं बांधानं?"

"नदीमातला दगड सरनात का, नाना?"

थोड्या वेळाने तो जाळं खांद्यावर टाकून काठाकडे गेला, आणि वाकून दगड निवडताना सगळ्यांनी त्याला पाहिलं.

त्या संध्याकाळी मासळी शिजली ती निर्मलाबाईच्या अंगणात, नव्या मडक्यात. पहिला घास कोणी द्यायचा, यावर कोणी वाद घातला नाही. फुलीबाईने काटा काढून घास रुपाच्या तोंडाशी नेला.

"खाय बेटा," ती म्हणाली. "आते खाय."