चोवीस दिवसांचं माहेर

बनूनं सहा आणि आठचा लसावि अठ्ठेचाळीस काढला, तेव्हा मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, चोवीस. पुस्तकाच्या मागंही चोवीसच निघालं, तशी सहावीतली माझी लेक माझ्याकडं संशयानं बघायला लागली. माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढचं सगळं मी तिच्या पुस्तकांतून उचललेलं. पण हे उत्तर पुस्तकातलं नव्हतं. ते माझ्या पायांना पाठ होतं.

आमच्या विहिरीवर सहा भाऊबंद, म्हणून आमची पाण्याची पाळी दर सहाव्या दिवशी. माझी बहीण चंद्रा ओढ्यापलीकडच्या गावात दिलेली. त्यांच्या विहिरीवर आठ वाटेकरी. तिची पाळी आठव्या दिवशी. आई गेल्यापासून शिराळ्याचं माहेर मिटलं होतं, आणि सुनांना उगीच गावाबाहेर कोण सोडतंय? पण ओढ्याच्या दोन काठांवरच्या आमच्या उसाला पाणी पाजायला जावंच लागतं. दोघींची पाळी एका दिवशी आली की ओढ्याकाठी आमचं माहेर भरायचं. दर चोवीस दिवसांनी.

त्या फाल्गुनात मी दशम्या बांधून गेले, तर पलीकडं भलताच माणूस पाणी पाजत होता. त्यानं सांगितलं, दिवाळीत बसवलेली नवी मोटार जळली, सांगलीहून दुरुस्त होऊन येईस्तोवर एक दिवस गेला. रिवाजाप्रमाणं सगळ्यांच्या पाळ्या एक दिवस पुढं सरकल्या होत्या. चंद्रा उद्या येणार. म्हटलं, एका दिवसाचं काय एवढं, पुढं कधीतरी गाठ पडेलच.

चैत्र गेला, वैशाख गेला. गाठ पडेना.

मग मी कोळशानं भिंतीवर मांडलं. त्या चुकलेल्या दिवसापासून माझे दिवस सहा, बारा, अठरा, चोवीस. तिचे एक, नऊ, सतरा, पंचवीस. माझे सगळे सम, तिचे सगळे विषम. बनूच्या पुस्तकात लसाविच्या अलीकडच्या पानावर मसावि होता. सहा आणि आठ दोघांनाही भागेल असा मोठ्यात मोठा आकडा दोन. म्हणजे आमच्या दोघींतलं अंतर हलणार ते दोनदोननं, आणि आम्ही चुकलो होतो एकानं. असंच चाललं तर जन्मात भेट नव्हती.

मार्ग एकच होता. कुठल्या तरी एका विहिरीनं आणखी एक दिवस सरकायचं. बैलांचा सण, बेंदूर, पंधरा दिवसांवर आला होता. बेंदराला बैल जुंपत नाहीत, आणि आमच्या विहिरीवर अजून मोटच. म्हणजे आमचा एक खाडा ठरलेला. मोटारीला कसला आलाय बेंदूर! मी मालकांना भिंत दाखवली. ते वरून खालपर्यंत बघून म्हणाले, चहा टाक.

पण पाऊस लांबला होता, आणि विहिरीवर सगळे जमले तेव्हा नाथाजी भावजींनी नवीनच काढलं. ज्याच्या पाळीवर बेंदूर येईल त्याची पाळी बुडाली, बाकीच्यांनी कशाला सरकायचं? त्या दिवशी पाळी होती म्हाताऱ्या सयाजीमामांची. ते तंबाखू मळत खाली बघत बसले. बाकी प्रत्येकाचा एक दिवस वाचत होता. मी मालकांकडं बघितलं. मालक मोटेचा नाडा तपासत होते.

मी पदर सारखा केला. "आवं भावजी, मामांच्या उसाला बारा दिस पाणी मिळायचं न्हाई. बेंदूर तुमच्या पाळीवर आला असता तर?"

"तुमची बी पाळी पुढं जातीया की, वहिनी."

"जाऊ द्या. एका दिसानं ऊस मरत न्हाई."

नाथाजी भावजींनी जरा नाक मुरडलं, पण सगळ्यांनी सरकायचं ठरलं. सयाजीमामा मालकांना म्हणाले, "लय मोठ्या मनाची हाय रं तुझी बायकू."

घरी येताना मालक एवढंच म्हणाले, "मामांना भिंत दावू का?" मी त्याच संध्याकाळी भिंत सारवून टाकली.

बेंदरानंतर अकराव्या दिवशी गेले, तर चंद्रा पाण्यात पाय सोडून बसली होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "मला वाटलं, तू रुसलीस."

मी खडे मांडून तिला सम-विषम समजावायला लागले. तिनं पायाच्या अंगठ्यानं खडे ढकलले.

"ते ऱ्हाऊ दे. बनू केवढी झाली, ते सांग आधी."

बोलण्याच्या नादात दोघींचंही पाणी सऱ्या फोडून ओढ्याला गेलं. त्या रात्री दोन गावांत दोघींनी बोलणी खाल्ली. मला तरी ती गोड लागली.